नुसता नागरिक

शहराची दारं, नळ, कामं एका संगणक-जाळ्यावर चालवणाऱ्या धरणपूर नगरजाळ केंद्राच्या प्रयोगशाळेत मागे खोली नसलेलं एक दार होतं. उन्हाच्या लाटेत आसरा द्यायला शहरात बांधलेल्या एकशे चाळीस थंडघरांना बसवलेल्या दारांसारखंच पोलादी, छातीच्या उंचीवर हात ठेवायची काच. डॉ. सदानंद करंबेळकरांनी कळ दाबली. काचेवर हिरवा पंजा उमटला, दार सरकलं, मागची कोरी भिंत दिसली.

"नमुना नागरिक," केंद्राचे संचालक म्हणून कमावलेल्या आवाजात ते म्हणाले. "तापमान एकावन्न अंश, वेळ दुपारची दोन. पंधरा दिवसांत ही चाचणी आम्ही चारशे वेळा घेतली. चारशे वेळा दार उघडलं."

चौकशी अधिकारी विमल नाईकनवरे खुर्चीतून उठल्या नाहीत. निवृत्त न्यायाधीश होत्या, दारं पाहून हुरळण्याचं वय गेलं होतं. त्यांच्या मांडीवर सहा फोटो होते. चौदा नंबरच्या थंडघराबाहेर काचेवर हात ठेवून ठेवून मेलेल्या सहा गटार कामगारांचे.

"मग ही माणसं आत का गेली नाहीत?"

"हाताला चिखल असेल. मॅडम, नियम स्वच्छ आहे. उष्णतेच्या आणीबाणीत दार प्रत्येक नागरिकाला उघडतं. कोडमध्ये तसं लिहिलंय. मी स्वतः लिहिलंय."

"तुमचा हा नमुना नागरिक कामाला कुठं जातो, सर?"

आवाज मागच्या रांगेतून आला. द्वारका गायसमुद्रे. अकरा वर्षं केंद्रात देखभालीला. पदवी नाही, दुसऱ्यांनी बिघडवलेला कोड वाचत वाचत शिकलेली. केंद्रातले पदवीधर तिला पाठीमागे 'प्लंबर' म्हणत आणि घोडं अडलं की तिच्याच टेबलाशी येत.

"तो चाचणीपुरता आहे," करंबेळकर म्हणाले. "कामाला कशाला जाईल?"

"म्हणजे नुसता नागरिक. अकरा लाख वस्तीत असा एक माणूस दाखवा मला."

नाईकनवरेंनी चष्मा काढला. "नीट सांगा, बाई. मला कोड कळत नाही."

"सोपं आहे, मॅडम. काचेवर हात ठेवला की सर्व्हरवर त्या माणसाची एक प्रत घडते. प्रत घडवायला साचा लागतो. सगळ्यात वर मूळ साचा, नागरिक. त्यात कृती आहेत: दार उघड, पाणी दे, काम दे, खोली दे. त्याच्याखाली वारस साचे. कायम रहिवासी, भाडेकरू, कंत्राटी कामगार. वारसाला वरचं सगळं आपोआप मिळतं."

"मग चांगलंच आहे की."

"थांबा ना. वारसानं त्याच नावाची कृती स्वतः पुन्हा लिहिली, तर वारसाची चालते. वरचीला कुणी विचारत नाही. आम्ही तिला वरचढ कृती म्हणतो. कंत्राटी कामगाराच्या साच्यात 'दार उघड' पुन्हा लिहिलंय. दोन ओळी. पाळी संपली असेल तर उघड. नसेल तर बंद ठेव."

"आणि डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते?"

"ते मूळ साच्यात. सुरेख लिहिलंय, फ्रेम करून लावण्यासारखं. पण हे सहा जण कंत्राटी. त्यांनी काचेवर हात ठेवला तेव्हा ती ओळ चाललीच नाही. सरांचा नमुना तेवढा थेट मूळ साच्यातून काढलेला, म्हणून त्याला चारशे वेळा उघडतं."

"वारसाच्या त्या दोन ओळी काढून टाका मग."

करंबेळकर हसले. "तो साचा कंत्राटदाराचा आहे, त्यांच्या सर्व्हरवर. शिवाय मोहरबंद. आम्हाला त्यात हात घालता येत नाही, त्याच्याखाली नवा वारसही काढता येत नाही."

"तुमची मूळ कृती मोहरबंद करा. कुणी वरचढ होऊच शकणार नाही."

"हेच मी तीनदा लेखी दिलंय," द्वारका म्हणाली.

"आणि मी तीनदा फेटाळलंय!" करंबेळकरांचा कमावलेला आवाज सुटला. "वरची कृती मोहरबंद केली की तिला झुगारणारा वारस साचा चालूच होत नाही. अख्खा कोसळतो. चाळीस हजार कामगार एका क्षणात जाळ्यातून गायब. उद्या या शहराची गटारं मी उपसू की तुम्ही?"

पंधरा दिवसांच्या चौकशीत त्या खोलीत एवढं खरं कुणी बोललं नव्हतं.

द्वारकाचा फोन वाजला. धाकटा भाऊ, तुळशीराम. गच्च्यांवरच्या सौरपट्ट्या धुणाऱ्या तेवीस जणांच्या टोळीत होता तो. दुपारी तो कधी फोन करत नसे.

"आक्का, दार उगडंना गं."

"कुठलं?"

"नऊ नंबरचं. टाकीतलं पाणी कढत झालंय, पट्टीला हात लावला की कातडं निघतंय. गोविंदमामा पडला. अजून एक जण ओकायलाय. काच म्हणतिया, पाळी संपल्यावर या."

"पाळी कधी संपते?"

"पाचला."

सव्वादोन वाजले होते. द्वारकाने फोन मोठ्या आवाजावर करून टेबलावर ठेवला आणि स्वतःचा संगणक उघडला. मूळ साचा तिच्या हातात नव्हता, कंत्राटदाराचा तर नव्हताच. पण कोणता माणूस कुठल्या साच्यातून घडवायचा, ती नागरिक-सूची तीच सांभाळत होती. लग्न झालं, बदली झाली, घर घेतलं की माणसाचा साचा बदलायचा, एवढंच तिचं काम.

तिने तुळशीराम गायसमुद्रेची नोंद काढली. 'कंत्राटी कामगार' पुसलं. 'नागरिक' लिहिलं.

"गायसमुद्रे बाई, हे बेकायदा आहे," करंबेळकर म्हणाले.

"माणसाला नागरिक म्हणून नोंदवणं?"

नाईकनवरे उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. थांबवलं मात्र नाही.

"तुळशा, हात ठेव."

फोनमधून सरकत्या पोलादाचा आवाज आला, मग कुणाचीतरी आरोळी. "उगडलं! आक्का, उगडलं!"

"तू दारातच उभा राहा. बाकीच्यांचे बिल्ला-नंबर वाच. भराभर."

तो वाचत गेला, ती पुसत आणि लिहीत गेली. दार एकेकाला घेत होतं. प्रत्येकाची प्रत नव्याने घडत होती, मूळ साचा आणि ती यांच्यामध्ये कुठला वारस साचा नव्हता, म्हणून करंबेळकरांची ती सुरेख ओळ पहिल्यांदाच जिवंत माणसांसाठी चालत होती. गोविंदमामाचा हात दोघांनी धरून काचेवर टेकवला. दोन वाजून एकतीस मिनिटांनी तेविसावा माणूस आत गेला. सगळे जिवंत.

द्वारकाने कपाळ टेबलाला टेकवलं. तिच्या आधी सावरले ते करंबेळकर.

"मॅडम, पाहिलंत? खऱ्या दारावर, खऱ्या माणसांना. तेविसांपैकी तेवीस. नियम बरोबर आहे! त्या सहा जणांची नोंद चुकीच्या साच्यात होती, एवढंच. सूचीतला दोष."

"सूची कोण सांभाळतं?" नाईकनवरेंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. त्यांनी पुढ्यातल्या द्वारकाच्या मानेवरून नजर बाजूला घेतली. पण कागदावर तारीख टाकून करंबेळकरांचं वाक्य लिहून घेतलं. पुरावा तो पुरावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम केंद्राच्या फाटकाशी उभा होता. पाठीवर पिशवी, अंगावर कालचाच शर्ट. मागे भिंतीच्या सावलीत बाकीचे. गोविंदमामा उकिडवा बसला होता.

"गच्चीच्या फाटकानं आज घेतलं नाय. बिल्ला लावला तर कायच बोलंना. बंदबी म्हणंना, चालूबी म्हणंना. चाळीतली खोली उगडंना. नळ येईना. आक्का, आमी हाव का मेलाव गं?"

तिला कळायला क्षणही लागला नाही. काल रात्रीपासून ती ज्याला घाबरत होती तेच झालं होतं. मूळ साच्यातली 'काम दे' ही कृती तिने अकरा वर्षांत कितीदा पाहिली होती. आत दोनच शब्द: वारस लिहील. 'खोली दे': वारस लिहील. 'पाणी दे': वारस लिहील. इथल्या लोकांची कामाची रीतच ही. वरची पेटी कोरी सोडायची, खालचा भरेल म्हणायचं. जी एक कृती बाहेरच्यांपुढे मिरवायची होती तेवढीच भरली.

"त्या कोऱ्या जागी तू लिही की."

"मूळ साचा गोठवलाय. चौकशीचा पुरावा आहे म्हणे. आता वर्षभर कुणी हात लावायचा नाही."

"मग भाडेकरू कर."

"घरमालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूची प्रतच घडत नाही. कायम रहिवाशाला स्वतःचं घर लागतं."

तुळशीरामने पायाने माती उकरली. "ह्ये बरंय. नुसत्या नागरिकाला दार तेवढं हाय."

"थंडघरात बसा तुम्ही. दार उघडतंय ना. मी डबे आणते."

"तेवीस डबे? किती दिस?" तो चिडून हसला. "आन् गावाकडं पोरांना काय सांगू, बाप गार हवा खातोय?"

तुळशीरामने बिल्ला तिच्यापुढे धरला.

"परत घाल आमाला."

"तुळशा, आज बावन्न सांगितलंय. कामगाराच्या साच्यात गेलास की त्या दोन ओळी परत तुझ्या डोक्यावर. दार बंद राहील. मी परत सोडवू शकणार नाही, काल संध्याकाळीच माझ्यावर पहारा बसवलाय. वर नवा नियम, एका माणसाचा साचा वर्षात एकदाच बदलायचा. तुमचं कालचं त्यांनी धरलंच नाही, आज बदललं की ते धरतील."

"पाचला उगडतंय की."

"गोविंदमामा पाचपर्यंत टिकेल?"

गोविंदमामाने मान वर केली. "माझं इचारू नगंस, पोरी. घाल."

"आक्का, उन्हात मेलो तर तू म्हणालीस तसा कामगार मेला म्हणून फोटू तरी कुणाच्या मांडीवर जाईल," तुळशीराम म्हणाला. "असं उपाशी मेलो तर आमचं मरण कुटल्या साच्यात घालशील?"

ती आत गेली. टेबलाशी पहाऱ्याला बसवलेला पदवीधर पोरगा उठून उभा राहिला. काय बदलते आहे हे पाहिल्यावर परत खाली बसला. या बदलाला त्याची हरकत असायचं कारण नव्हतं. तिने नावं घेतली, गोविंदमामाचं पहिलं घेतलं, आपल्या भावाचं शेवटी. प्रत्येक वेळी पडद्याने विचारलं, नक्की का? प्रत्येक वेळी तिने हो म्हटलं. तेवीस हो.

खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती. तुळशीरामने फाटकाला बिल्ला लावला. फाटक लगेच उघडलं.