कुशीतला डाग

डेल्फ्ट या डच गावातल्या आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी जे भलंमोठं खोकं आलं, त्यात निव्वळ वाळू होती. टेबलाएवढा एक घट्ट थर. १९१२ साली एका टेकाडाच्या उत्खननात तो अख्खा उचलला होता. तिकडच्या आम्लधर्मी वाळूत हाडंसुद्धा विरघळतात, उरतो फक्त माणसाच्या आकाराचा काळपट डाग. तेव्हाच्या फोटोत एक बाई कुशीवर झोपलेली दिसत होती. एकटी.

आम्हाला तिचं स्कॅनिंग करायचं होतं. वाळू ओली केली की डाग उठून दिसतो, म्हणून मी पाण्याचा फवारा मारला.

"प्रणिता, तिच्या पोटाशी काय आहे गं?" माझ्यासोबत काम करणाऱ्या शिरीषनं विचारलं.

संत्र्याएवढं डोकं, वळलेली पाठ. बाईचा हात त्याच्यावर.

"फोटोत आलं नसेल," मी म्हटलं. "लगेच भुताटकी नको काढूस."

मला सातवा महिना होता. आधीची दोन गेली होती, त्यामुळे मी सतत जीव मुठीत धरून होते. त्या दुपारी बाळ हललंच नाही. थंड पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडले. छे! इथं गरोदरपणात डॉक्टरऐवजी सुईणच तपासते; संध्याकाळी ती म्हणाली, ठोके उत्तम आहेत, घरी जा. इथल्या मेल्या सुइणींना कशाचीच घाई नसते.

शुक्रवारी पुन्हा फवारा मारला. तो छोटा डाग गडद होत गेला आणि माझं पोट गप्प. आमच्या घरात तीन पिढ्या देव-भूत काही मानत नाहीत. तरी मी बाटली ठेवून दिली आणि वाळू सुकवायला पंखा लावला.

सोमवारी शिरीष दारातच उभा होता.

"तू वाळूला हात लावलास?"

"मी? वेड लागलंय का?"

वाळू कोरडी ठणठणीत होती. बाई जागेवर होती. हात तसाच वळलेला. त्याखाली काही नव्हतं.

तेवढ्यात पोटात लाथ बसली. मला इतकं हायसं वाटलं की मी रडलेच.

पण लाथा थांबेचनात. माझा नवरा लोकेश तासाभरावरच्या स्लोटरडाइकच्या ऑफिसातून धावत आला, मला सुइणीकडे घेऊन गेला.

तिनं पोटाच्या डावीकडे यंत्र ठेवून ठोके ऐकले. मग उजवीकडे सरकली आणि थांबली.

"जुळी आहेत? तुम्ही बोलला नाहीत!"

सगळ्या सोनोग्राफींत बाळ एकच होतं. लोकेश हसायलाच लागला.

उजवीकडचे ठोके खणखणीत होते.

तिनं यंत्र पुन्हा डावीकडे नेलं. किंचित वर, किंचित खाली. मग तिथंच दाबून धरलं. बराच वेळ.