पाठमोरी वेणू

जुन्या सिनेमांवरची घाण पुसणं हे माझं काम आहे. एरंडवण्यातल्या एका इमारतीच्या तळघरात आमची लॅब आहे. दोन खोल्या, एक स्कॅनर, तीन संगणक आणि बारा महिने चालणारा एसी. रीळ स्कॅन झालं की सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमशी ताडून बघतं. जे शेजारच्या फ्रेममध्येही आहे, ते चित्र. जे एकाच फ्रेममध्ये आहे, ती घाण. घाणीच्या जागी शेजारच्या फ्रेममधला तुकडा बसवला जातो. मी यादी बघून ‘मंजूर’ दाबते.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून इथे आले, तेव्हा कृष्णधवल सिनेमांशी माझं काही नातं नव्हतं. पहिले दोन महिने मी ते दीडपट वेगाने बघितले. मग एका समूहनृत्याने मला वेग कमी करायला लावला. सव्वा मिनिट कॅमेरा जागचा हलत नाही आणि समोर मुली खरोखर नाचत असतात. एकीचा तोल जातो, ती सावरते, आणि ते सावरणंही चित्रात राहतं. आजच्या गाण्यात तिथे कट आला असता. रंग नसल्यामुळे डोळा गालावरचा उजेड शोधत जातो, आणि तो उजेड कोणी नंतर रंगवलेला नसतो. त्या दिवशी त्या गालावरून निघून तो फिल्ममधल्या चांदीच्या कणांवर पडला आणि तिथेच राहिला. हे लक्षात आल्यापासून मी वेग वाढवला नाही.

ते नृत्य १९५३ सालच्या एका मराठी संगीतपटातलं होतं. त्याची एकच प्रत उरली होती आणि तिला व्हिनेगरचा वास येत होता. फिल्म कुजायला लागली की हा वास येतो. रीळ स्कॅनरमधून एकदाच गेलं आणि उतरवताना त्याचे तुकडे झाले. नर्तकींची नावं कुठेच नव्हती, म्हणून आमच्या शुभंकर सरांनी वर्तमानपत्रात चार ओळींचं निवेदन दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला विजयमाला आजी आल्या. वय चौऱ्याऐंशी, सदाशिव पेठेतून एकट्या रिक्षाने.

“तू काय करतेस इथे?” त्यांनी विचारलं.

“धूळ पुसते, आजी. संगणकावर.”

“शिकलीस किती?”

“एम.एस्सी.”

“आमच्याकडे सुंदराबाई येते, सातवी नापास. तीही बरं पुसते.”

त्या खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसल्या. मागच्या रांगेत उजव्या टोकाला उभी असलेली तेरा वर्षांची मुलगी म्हणजे त्या स्वतः. डावीकडून दुसरी त्यांची थोरली बहीण, वेणू. सोळा वर्षांची. चित्रीकरणानंतर चार महिन्यांनी विषमज्वराने गेली.

“तिचा फोटो नाही,” आजी म्हणाल्या. “एकही नाही. त्या वेळी आमच्यासारख्यांकडे कुठला फोटो? आणि आता मला तिचा चेहरा आठवत नाही. वेणी आठवते, हात आठवतात. चेहरा पुसला गेलाय.”

त्यांचा उजवा डोळा गेलेला होता. डाव्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. डॉक्टरांनी दीड-दोन महिने सांगितले होते. या आजारात कडा शेवटपर्यंत दिसतात, मधलं आधी जातं. माणूस समोर बसला तर त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही.

“डोळा जायच्या आत मला ती बघायची आहे,” त्या म्हणाल्या. “बाकी तुमच्या नावांच्या यादीचं नंतर बघू.”

मी गाणं लावलं. मागची रांग बराच वेळ पाठमोरी उभी असते. नायिका येईपर्यंत जवळजवळ दहा सेकंद कोणी हलत नाही. शेवटच्या कडव्याला सगळ्या वळतात, पण नेमका तेव्हा नायिकेचा पदर वेणूच्या तोंडावरून जातो.

“पदर बाजूला होतो,” आजी म्हणाल्या. “अगदी डोळा लवतो तेवढाच. थिएटरात मी अकरा वेळा बघितलंय.”

पदर बाजूला झाला नाही.

त्या गेल्यावर मी सॉफ्टवेअरची नोंद उघडली. फ्रेम ५८७१. तिथे कधीतरी फिल्म तुटून, काही फ्रेम गळून चिकटवलेली होती, आणि त्या जोडाजवळ एका फ्रेमपुरतं काहीतरी वेगळं होतं. आकार धुळीच्या कणाच्या पन्नासपट. शेरा: ‘घाण काढली.’ मंजुरी: भाग्यश्री, म्हणजे मी. मूळ स्कॅन शोधायला गेले, तर डिस्क भरली म्हणून मीच त्यावर दुसरं रीळ उतरवलं होतं. एका बाईचा जगातला एकमेव चेहरा मी यादी खाली सरकवता सरकवता मंजूर केला होता.

दुसऱ्या दिवशी मी आजींना सगळं सांगितलं.

“म्हणजे खरंच पुसलीस,” त्या म्हणाल्या. “सुंदराबाई निदान विचारते, बाई, हे टाकू का?”

मी म्हटलं, “आजी, मला माफ करा.”

“ते राहू दे. गाणं लाव. पाठ तर पाठ.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. पाठमोऱ्या रांगेत वेणूची मान सरळ नव्हती, किंचित डावीकडे वळलेली होती. मी फ्रेम १३०० थांबवून तिच्या मानेपुरता भाग कागदावर छापला आणि कोनमापक लावला. चार अंश.

गुरुवारी आजी पुन्हा आल्या. त्या गेल्यावर मी तीच फ्रेम छापली. अकरा अंश.

मी कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. खांदे तेच, वेणी तीच, मागच्या भिंतीवरचा पोपडा तोच. फाइल बदलली का, हे तपासायची एक सोपी रीत असते. संगणक पूर्ण फाइलवरून एक लांबलचक आकडा काढतो आणि आत एक ठिपका जरी हलला तरी तो आकडा बदलतो. आकडा बदलला नव्हता.

मग मी पाच दिवस फाइल रोज एकटीने उघडली. अकरा, अकरा, अकरा, अकरा, अकरा. आजी येऊन बसल्या त्या दुपारी वीस.

शुभंकर सरांना कागद दाखवले. “कंपासपेटी परत आली वाटतं,” ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः कोनमापक घेतलं, पडद्यावर लावलं, चष्मा पुसून पुन्हा लावलं. कोनमापक हळूच टेबलावर ठेवलं आणि चहाला गेले. त्यानंतर कामाचं काहीही असलं तरी ते मला बाहेरच्या खोलीत बोलावून सांगतात.

आजींना मी कोन सांगितले नाहीत. पडद्यावरचं मधलं त्यांना आता दिसतच नव्हतं. पण त्या आठवड्यातून दोनदा यायच्या, डबा घेऊन. गाणं चालू असताना बोलायच्या. पडद्यावर पांढऱ्या दिसणाऱ्या साड्या खऱ्या पिवळ्या होत्या, पांढऱ्यावरून दिवे फार चमकायचे म्हणून. गाणं आधीच ध्वनिमुद्रित असायचं आणि भोंग्यावर वाजायचं. नाच बसेपर्यंत जेवायला सुट्टी नसायची. हे सगळं मला आता पडद्यावर दिसायला लागलं. करड्या रंगात मी पिवळा ओळखू लागले. पायांच्या लयीत भूक ओळखू लागले. आजवर कुठला सिनेमा मी इतका नीट पाहिलेला नाही.

बेचाळीस अंश. सत्तर. एकशे आठ.

एकशे आठला पलीकडच्या गालाचीही कड दिसू लागली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी आजी शेजारणीचा हात धरून आल्या. शेजारीण बाहेर बसली. डबा नव्हता.

“आज शेवटचं,” त्या म्हणाल्या. “आता तुझाही चेहरा नाही. नुसतं एक भोक आहे आणि भोवती केस.”

मी खोलीतला दिवा घालवला. दुपारचे चार वाजले होते. वर रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तिचे किकचे आवाज येत होते.

गाणं सुरू झालं.

रांग पाठमोरी उभी राहिली. वेणू नाही.

वेणू समोर तोंड करून उभी होती.

बाकीच्यांच्या वेण्या आणि त्यांच्यामध्ये एक चेहरा. रुंद कपाळ, किंचित पुढे आलेले दात, वरच्या ओठावर घाम. ती नाचत नव्हती. वाट बघत होती.

“आजी,” मी म्हटलं.

“थांब.”

त्यांनी मान पडद्याकडून काढून पूर्ण माझ्याकडे वळवली. मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांना फक्त डोळ्याच्या कडेने दिसत होतं.

दहा सेकंद त्या माझ्याकडे तोंड करून बहिणीकडे बघत होत्या.

“भुकेली आहे,” त्या म्हणाल्या. “भूक लागली की अशीच उभी राहायची.”

नायिका आली. रांग हलली. शेवटच्या कडव्याला पदर तोंडावरून गेला आणि गाणं संपलं.

आजी रडल्या नाहीत. माझा हात चाचपून थोपटला. “पुसलीस, पण भरूनही दिलंस,” त्या म्हणाल्या. शेजारणीला हाक मारली आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी मी त्यांना फोन केला. त्यांना आता काहीच दिसत नव्हतं.

“पण वेणू दिसते,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटले की लगेच. दात पुढे होते बघ तिचे, मी विसरलेच होते. तिकडे कशी आहे?”

“पाठमोरी. पहिल्यासारखी. बाकीच्यांसारखीच, अगदी सरळ.”

हे खरं होतं. मी तीन वेळा मोजलं होतं.

“बरं झालं. दमली असेल. तू जेवलीस का?”

“हो. आजी, एक विचारू? यादीसाठी. रांगेत तुमच्या उजव्या हाताला कोण उभी होती?”

“माझ्या उजव्या हाताला?”

“हो.”

“कोणी नाही. मी सगळ्यात लहान, म्हणून मला कडेला उभी करायचे. माझ्यानंतर भिंत.” त्या थांबल्या. “का गं?”

“सहज,” मी म्हटलं.

आजींच्या उजव्या हाताला आता जी उभी आहे, ती त्यांच्यापेक्षा हातभर उंच आहे. साडी इतरांसारखीच, पण वेणी घातलेली नाही, केस मोकळे आहेत. नाच बसवणाऱ्या मास्तरांनी ते चालू दिलं नसतं. सर या खोलीत येत नाहीत आणि आजींना दिसत नाही, त्यामुळे ते गाणं आता माझ्याशिवाय कोणी बघत नाही.

सोमवारी तिची मान सहा अंश वळलेली होती. आज तेवीस.