कॅसेटची शेपटी

पोस्टातून पार्सल सोडवून आणायचं, एवढंच त्या शनिवारचं काम होतं. ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटलं आणि श्रीधर पानसे उन्हातान्हात सायकल मारत पोस्टात गेला. साल शहाण्णव, एप्रिल महिना. खिडकीतल्या गृहस्थांनी पाकीट उलटंपालटं करून आत काय आहे ते विचारलं. श्रीधरने गाण्यांची कॅसेट आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"फिनलंडहून? का, इथली संपली?"

श्रीधर हसला आणि सही करून निघाला. त्या दिवशी त्याला खरोखर आनंद झाला होता. पुढे जे घडलं त्यात घाबरायचं नेमकं कुठून सुरू करायला हवं होतं, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही.

त्यांचा चौघांचा कंपू होता. श्रीधर, त्याचा शाळेपासूनचा मित्र यज्ञेश्वर, यज्ञेश्वरची धाकटी बहीण हेमा आणि हडपसरचा संभाजी. दुकानात मिळत नाही असलं संगीत ऐकायचं हे चौघांचं खूळ. परदेशातल्या कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात वाजवलेलं, पन्नासेक कॅसेटी काढून मित्रांत वाटलेलं. श्रीधर त्यांना बदल्यात आपल्याकडच्या लग्नांतल्या बँडचं रेकॉर्डिंग पाठवायचा आणि ते लोक त्यावर खूश असायचे. हेमाची आई मात्र या सगळ्याला माळ्यावरून भांडी पडल्याचा आवाज म्हणायची. अगदीच चूक नव्हतं तिचं.

नवा अल्बम आला की त्याची एक नक्कल निघे आणि ती खणाच्या एका जुन्या पिशवीतून चौघांत फिरे. नियम यज्ञेश्वरने घातलेले. अल्बम एकट्याने, अखंड ऐकायचा. गाणी संपल्यावर कॅसेट थोडी कोरी उरते, तिला ते शेपटी म्हणत. त्या शेपटीत आपलं मत बोलून भरायचं आणि शेवटी पुढच्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलेल्याने नाही म्हणायचं नाही. शेपटी आखूड, म्हणून प्रत्येक जण आधीच्याच्या मतावर आपलं मत भरी. पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायचं, बेलसुद्धा वाजवायची नाही.

हेमाचा नंबर नेहमी शेवटचा असायचा. यज्ञेश्वर दिवाळीच्या तोंडावर कात्रजच्या घाटात स्कूटरवरून पडून गेला, तेव्हा या नियमाने काय केलंय ते कळलं. भावाचा आवाज कुठे सापडतो का म्हणून हेमाने घरातल्या सगळ्या कॅसेटी पालथ्या घातल्या. प्रत्येक शेपटीत तिचा स्वतःचाच आवाज होता. "दादाच्या आवाजावर मीच बसलेय," एवढं ती श्रीधरला म्हणाली होती. त्यानंतर तिने गाणी ऐकणंच सोडलं. तिचं आणि श्रीधरचं लग्न ठरलेलं होतं, तेही वर्षभर पुढे गेलं होतं. या नव्या अल्बमने ती परत थोडी बोलती होईल, अशी श्रीधरला फार आशा होती.

धनकवडीतल्या दोन खोल्यांत तो एकटाच राहत असे. पंखा लावून त्याने नकलेसाठी आणलेल्या कोऱ्या कॅसेटचं वेष्टण स्वतःच्या हाताने फाडलं, नक्कल केली, आणि नीट उतरलीय का ते बघायला ऐकत बसला. गिरणी चालावी तशी गिटार, खूप लांबून येणारं गाणं. तिसऱ्या गाण्यात मागे कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं आणि ढवळून झाल्यावर कपाच्या काठावर टकटक करत होतं. गंमतच आहे, असं त्याला वाटलं.

शेवटचं गाणं संपलं. खरखर सुरू झाली. मग कुणीतरी घसा खाकरला.

"हं. ढोलवाल्याचं शेजाऱ्यांशी भांडण असावं. गाणाऱ्याला बहुतेक झोप आलीय. तिसऱ्यातला चमचा ऐका, बाकी सोडलं तरी चालेल." थोडा वेळ नुसतीच खरखर. "पुढे हेमा."

आवाज यज्ञेश्वरचा होता.

फिनलंडहून आलेली मूळ कॅसेट श्रीधरने लावून बघितली. तिच्यात शेवटच्या गाण्यानंतर काहीच नव्हतं. नक्कल पुन्हा लावली. हं. ढोलवाल्याचं शेजाऱ्यांशी... त्याने बटण बंद केलं. भीती वाटतेय की रडू येतंय तेच त्याला कळेना. ज्या आवाजासाठी हेमा झुरत होती तो त्याच्या टेबलावर होता. हातात ठेवला असता तर तिने जगातलं काहीही दिलं असतं. पण त्या आवाजाने नाव तिचं घेतलं होतं.

रविवारी सकाळीच तो हडपसरला गेला. संभाजीला असल्या खोड्या जमत, ही त्याच्यापुरती शेवटची आशा होती. संभाजीच्या गोठ्याशेजारच्या खोलीत त्यांनी दार लावून शेपटी ऐकली. संभाजी ऐकताना हसला नाही. ऐकून झाल्यावर त्याने टेपमधून कॅसेट काढली ती दोन बोटांच्या चिमटीत धरून.

"म्या न्हाई केलं हे. माझ्याकडं त्याचा आवाज असता तर हेमाला आधी न्हेऊन दिला नसता का?"

श्रीधरने त्याला विचारलं, की मग आता करायचं काय, तिला द्यायची की नाही. संभाजीने खिडकीतून बाहेर म्हशींकडे बघितलं.

"आमच्यात गेलेल्या माणसानं नावानं हाक मारली तर ओ द्यायची नसती. तू ओ देणारीच्या हातात हाक न्हेऊन देणार हायस. पुसून टाक."

परतीच्या बसमध्ये श्रीधर तेच घोळवत होता. पुसायचं म्हणजे यज्ञेश्वरला दुसऱ्यांदा घालवायचं, आणि हेमाला कधी सांगायचंही नाही. कात्रजच्या बाजूला उतरेपर्यंत त्याने ठरवलं, की नियमातून सुटायचं तर नियमानेच. यज्ञेश्वरच्या मतावर आपलं मत भरायचं आणि शेवटी म्हणायचं, पुढे कुणी नाही.

भर दुपारची वेळ होती. बिल्डिंगमध्ये सगळे झोपले होते. त्याने खिडकी लावली, शेपटीच्या सुरुवातीला कॅसेट आणली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. अल्बम बरा आहे, गिटार जास्त आहे, चमच्याची कल्पना कळली नाही, असं काहीबाही तो बोलला. आता शेवटचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात हेमा होती. उन्हाने चेहरा लाल झालेला, पण कितीतरी महिन्यांनी हसरा. ती आत येऊन खुर्चीत बसली आणि तिने मांडीवर खणाची पिशवी ठेवली. श्रीधरने भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा होता. सकाळी निघताना पिशवी तिथेच होती.

"काल संध्याकाळी कडीला लावून गेलास. आता तरी बेल वाजवायचीस," ती म्हणाली. "ऐकली मी. सबंध."

तिने पिशवीतून कॅसेट काढली. लेबलवर अक्षर श्रीधरचं होतं. श्रीधरने एकच विचारलं. "शेपटीत... काय होतं?"

"तू होतास. दुसरं कोण असणार?" हेमाने त्याच्याकडे नीट बघितलं. "गिटार जास्त आहे म्हणालास. मग बेल वाजली. मग कुणीतरी बाई बोलत होती, तिचे शब्द लागले नाहीत मला. शेवटी तू पुढे-बिढे काही म्हणाला नाहीस. नुसतं माझं नाव घेतलंस. इतका का रडत होतास रे?"

तिला तिथून उठवून बाहेर न्यावं, रस्त्यावर, माणसांत, एवढंच श्रीधरला सुचत होतं. त्याने तिचा हात धरला आणि त्याला रडू फुटलं.

"हेमा..."

आणि तेव्हा त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. लाल दिवा चालू होता. कॅसेट फिरत होती.

हेमाही तिकडेच बघत होती, पण टेपकडे नाही, त्याच्या पलीकडच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे कपात चमचा फिरत होता. सावकाश, साखर विरघळेपर्यंत. मग काठावर टकटक झाली.

"आणि याच्यानंतर मी काहीतरी म्हणते," हेमा हळूच म्हणाली, जसं काही तिला आत्ता आठवत होतं. "दादा असाच वाजवायचा चमचा. चहा झाला की मला बोलवायला."

श्रीधरने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, एवढं त्याला पक्कं आठवतं. तरी ती उठली.

"आले रे," ती म्हणाली.

शेपटी संपली आणि टेपचं बटण आपोआप वर आलं.