पाइपातली ठकठक

शहाजादी मुलाणी काळेवाडीहून आली होती आणि काही केल्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. तिच्या मुलाला, अझहरला, आज ना उद्या अटक होणार होती. त्याहून वाईट म्हणजे तो स्वतःच पोलिसांकडे जाऊन गुन्हा कबूल करायला निघाला होता.

"आधी म्हणायचा, अम्मी, मी चकती काढली होती," ती म्हणाली. "आता म्हणतो, काढली होती का तेच आठवत नाही. जेवत नाही, झोपत नाही. ताई, माणूस मेलाय. ह्याला वाटतं, आपल्याच हातानं मेला."

साबिया इनामदारने वही बाजूला सारली. चिंचवड स्टेशनसमोरच्या त्या दीड खोलीच्या खासगी तपासाच्या ऑफिसात डोके तिचे होते आणि ओळखी गेनू लांडगेच्या. दिघीचा गेनू हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. त्याच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागे, पण पडला की तो गावभर सांगत सुटे.

हकिकत अशी होती. चाकणच्या एका कारखान्यात फोमच्या गोदामात स्टोअरकीपर ज्योतीरामसाठी नवी केबिन उभारली. छतावरच्या आगीच्या फवाऱ्यांचे पाणी तिच्या आत पोचेना, म्हणून अझहरला बोलावले. त्याने आगीच्या जुन्या जाड पाइपातले पाणी काढले, पाइपाला गोल भोक पाडले आणि तिथून एक बारीक पाइप केबिनवर नेला. असे भोक पाडताना लोखंडाची चकती सुटते. ती आत राहिली तर पुढे पाणी अडवते. म्हणून ती बाहेर काढायची आणि सगळ्यांना दिसेल अशी तिथेच तारेने लटकवायची, असा या धंद्यातला रिवाज.

पुढे एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, केबिनच्या दाराशी आग लागली. गोदामातले फवारे उडाले, केबिनचा मात्र कोरडा राहिला. जेवून डुलकी घेणारा ज्योतीराम आतच जळून मेला. बारीक पाइप उघडला तर त्यात चकती अडकलेली, आणि जाड पाइपाशी तार होती ती मोकळी. अझहरचा मोबाईल कामाच्या दिवशी गेटवर जमा होता, त्यामुळे फोटोही नव्हता.

पोलीस ठाण्यात गेनूच्या जुन्या सोबत्याने ती चकती दाखवली. कॅरमच्या स्ट्रायकरएवढी होती. एका बाजूला धुराने काळी, दुसऱ्या बाजूवर बारीक ओरखड्यांची फुली. गेनूने सवयीने तिला टिचकी मारली. चकती सुळ्ळकन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मग त्याला फुली दिसली आणि त्याने हात मागे घेतला.

"साबियाताई, ही करणी हाय. हात नका लावू."

साबियाने हात लावला, उलटीपालटी करून पाहिली, आणि बाहेर बाकावर जबाबासाठी बसलेल्या अझहरजवळ गेली. तो नखे कुरतडत होता. चकती तारेत कशी ओवलीस, एवढेच तिने विचारले.

"मधल्या भोकातून," तो पुटपुटला. "कटरच्या मधोमध ड्रिल असतो, तो आधी आरपार जातो. सगळेच तसं करतात. मीही केलं असेल."

काम सोमवारी झाले होते. पाइप भरून, पंप चालवून तो घरी गेला. तेव्हा पाइपातून काही आवाज येत होता का, या प्रश्नाचा त्याला अर्थच कळला नाही. नव्हता, तो म्हणाला.

आवाजाची गोष्ट साऱ्या कारखान्याच्या तोंडी होती. पुतळाबाईंनी, ज्योतीरामच्या बायकोने, ती गावातल्या घरी सांगितली. बाहेर ऊन होते, तरी गेनूच्या अंगावर काटा आला.

"बेस्तरवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी कामाला गेले, तवा पयल्यांदा ऐकलं. केबिनीच्या वर ठक, ठक. थांबायचं आन पुन्हा. दुसरीकडं कुठं न्हाई, त्यांच्याच डोक्यावर. कामगार म्हनायचे, आयुष हाय."

आयुष हा तरुण कामगार काही महिन्यांपूर्वी दाब देणाऱ्या प्रेस मशीनमध्ये सापडून मेला होता. त्या वेळी ज्योतीराम समोर होता.

"आधी भ्यायचे. मग उत्तर द्यायला लागले. ठक वाजलं की म्हनायचे, ऐकतोय रं बाबा. एक दिस घरी येऊन म्हनले, पोराला काय हवंय मला कळलं. सरकारचा फॅक्टरी तपासनारा साहेब चौकशीला येनार हाय, त्याच्याम्होरं बोलनार. साऱ्या कंपनीत सांगितलं तसं. साहेब यायच्या आदीच जळाले."

कारखान्यात मेंटेनन्सचे प्रमुख रंगराव आदराने भेटले. गोदामात दिवसाही बॅटरी लागत होती, भिंती काजळीने मऊ झाल्या होत्या. तेवढ्यात कुठेतरी पंप सुरू झाला आणि डोक्यावरचे पाइप गुणगुणले. गेनू ठकठकीची वाट पाहत श्वास रोखून उभा राहिला. ती आली नाही, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

अझहर गेला त्या क्षणापासून आवाज सुरू झाला होता, असे रंगराव म्हणाले. मग त्यांनी आयुषचे प्रेसही दाखवले. पुढच्या हिरव्या लोखंडी पट्टीत गोल भोक होते आणि त्यात सेन्सर बसवलेला होता. हात आत गेला की मशीन थांबते.

"पोरानंच बंद केला असणार," ते म्हणाले. "प्रेस आलं त्याच दिवशी ही पट्टी मी स्वतः कापली, भोकही स्वतः पाडलं. सेफ्टीच्या कामात मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही."

साबिया वाकून पट्टीच्या मागे बॅटरी मारत राहिली. मागची बाजू रंगवलेली नव्हती.

फिटर आदिनाथ बोलायला कचरत होता. अझहरचे काम झाले त्याच आठवड्यात, गुरुवारी सुट्टीला, ओव्हरटाइमवर तो आणि रंगराव दोघेच होते. तो दिवसभर कंप्रेसरवर होता. रंगरावांनी लोखंडाला चुंबकाने चिकटणारा मॅग्नेट ड्रिल नेला होता, कशाला ते त्याने विचारले नाही. आगीनंतर बारीक पाइप त्यानेच उघडला. सांधे बरेच होते, पण रंगरावांनी एकच दाखवला आणि चकती तिथेच निघाली.

साबियाने पोलीस निरीक्षकांना फोन करून चकती मागवली. शहाजादी, अझहर आणि पुतळाबाईही आल्या. प्रेसजवळ सगळे उभे राहिले; आदिनाथने आगीच्या पाइपाइतक्याच जाड पाइपाचा एक तुकडा आणून ठेवला होता. अझहरने मान वर केली नाही.

"आदिनाथ, ही चकती त्या जाड पाइपाच्या तुकड्यावर ठेव," साबिया म्हणाली.

चकती डुगडुगली आणि घसरली. रंगराव म्हणाले, त्यात काय एवढे.

"पाइप गोल असतो. त्यातून निघालेली चकती वाकडी असते. गेनूकाकांनी टिचकी मारली तेव्हा ही टेबलावरून सरळ घसरली, म्हणजे ही सपाट आहे. ही कुठल्याही पाइपातून निघालेली नाही. हिच्या मधोमध भोकही नाही, म्हणजे अझहरच्या कटरची नाही. मॅग्नेट ड्रिलचा कटर मात्र मधे भोक न पाडता चकती काढतो. तो चिकटवायला सपाट पत्रा लागतो."

गेनूच्या डोक्यात उजेड पडू लागला होता. "मंग ती फुली?"

"भोक कुठे पाडायचं ते ठरवायला पत्र्यावर दोन रेघा ओढतात. भोक पडलं की फुली चकतीवर जाते, रेघांची टोकं पत्र्यावर राहतात."

निरीक्षकांनी सेन्सर काढायला लावला. साबियाने चकती पट्टीच्या मागून भोकात धरली. कटरने खाल्ले होते तेवढी फट राहिली, पण फुलीच्या चारही रेघा पट्टीवर उरलेल्या चारही टोकांना मिळाल्या.

"हे भोक मी स्वतः पाडलं, असं तुम्हीच सांगितलंत, रंगराव. फक्त दिवस खोटा सांगितलात. आयुष गेला तेव्हा इथे सेन्सर नव्हताच. चौकशीचा साहेब येणार म्हणून गुरुवारी बसवला, आणि नव्हता हे सांगणारा एकच माणूस होता. त्याच दिवशी अझहरची चकती तारेवरून काढलीत; तिच्या मधल्या भोकातून पाणी गेलं असतं, म्हणून ही त्या माणसाच्या पाइपात टाकलीत. दोष कुणाच्या माथी जाईल ते ठरलेलंच होतं. मग तो बोलणार हे कळल्यावर, तो झोपलेला असताना दाराशी आग लावलीत. पंपाच्या धक्क्यानं चकती वाजायची. म्हणून आवाज शुक्रवारपासून आला, सोमवारपासून नाही."

रंगराव पट्टीकडे पाहत होते. "तो गप्प बसला असता," ते हळूच म्हणाले. "भितरा होता. बसला असता गप्प, तर मी काहीच केलं नसतं. त्या आवाजानं त्याला धीर आला."

पुतळाबाईंनी डोळे मिटून घेतले. निरीक्षक रंगरावांना घेऊन गेले. शहाजादीने पोराच्या पाठीवर हात ठेवला, आता घरी चल म्हणाली. अझहर जागचा हलला नाही. तो तिथेच फरशीवर बसला आणि आग लागल्यापासून पहिल्यांदाच हमसून रडला. पुतळाबाई त्याच्या शेजारी टेकल्या.

"काम चालू होतं ना माझं," तो म्हणाला, "तर ज्योतीरामकाकांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली होती."

"दिलीच असंल," पुतळाबाई म्हणाल्या. "घरी आले, तवा म्हनले होते, पोरगं लई नीट काम करतं."