रूथचा तुटलेला सूर

जुनी रॉक गाणी जशी गायली गेली होती तशी आता कुणी ऐकत नसे. गायकाला ती जशी गायची होती, तशी लोक ऐकत. कंपन्या जुन्या अल्बमच्या डिलक्स आवृत्त्या काढत. नवी आली की जुनी प्रत्येकाच्या फोनमधून आपोआप निघून जाई. गायकाचा हेतू शोधून गाणं तसं करण्याच्या या तंत्राला हेतुशोधन म्हणत.

शमुवेल भिंगारदिवे पुण्यातल्या अशाच एका कंपनीत आला, तो भांडायलाच. त्याची बायको रूथ मागच्या वर्षी वारली होती. तरुणपणी ती नगरच्या 'उलटा गिअर' या रॉक बँडमध्ये गायची. बँडचा एकच अल्बम निघाला होता. त्याची डिलक्स आवृत्ती तयार होती, फक्त वारस म्हणून शमुवेलची संमती हवी होती.

"चहा घेणार, काका?" डॉ. मृदुला चितळकरांनी विचारलं. हेतुशोधनाचं यंत्र त्यांनी बनवलं होतं.

"नको. तोही सुधारून दिलेला असेल."

"आम्ही काही सुधारत नाही. गाताना नकळत झालेलं तेवढं काढतो."

"नकळत काय झालं ते यंत्राला कोण सांगतं? रूथशी बोलून आलंय का ते?"

चितळकर बाईंनी हे अनेकदा समजावलं होतं. आवाजात कंटाळा होता. "जिन्यावरून उडी मारणारा आधी गुडघे वाकवतो. घसरणारा वाकवत नाही. गळ्याचंही तसंच आहे. सूर लावण्याआधी श्वास आणि स्नायू तयारी करतात. त्या तयारीची बारीक खूण आवाजात उतरते. कानाला ती कळत नाही, पण मूळ टेपवर यंत्राला सापडते. तयारी नसताना जे आलं, ते घसरणं."

"मग माझंही ऐका. शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत तिचा आवाज तुटतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मी तिथं होतो. प्लायवूडच्या पार्टिशनमागं उभा होतो आणि खिशात दुबईचं तिकीट होतं. क्रेन चालवायची नोकरी लागली होती. तिचा आवाज तुटला आणि मी गेलो नाही. जन्मभर नगरात पाण्याचे पंप दुरुस्त केले. त्या सुराला हात लावलात तर संमती विसरा."

"तुम्हाला आवडतो म्हणून मी काही ठेवू शकत नाही. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर दुसरी माणसं बाहेर बसलीत."

"लावा."

त्यांनी गाणं लावलं. टेपची खरखर गेली होती. ड्रम छातीत वाजत होते. रूथ समोरच्या खुर्चीवर बसून गातेय असं वाटत होतं. शमुवेलने टेबलाची कड धरली. शेवटची ओळ आली. आवाज तुटला, पूर्वी तुटायचा तिथंच आणि तसाच.

शमुवेल हसला. "हरलं ना बाई, तुमचं यंत्र?"

"हरलं नाही. तिला तो तसाच तोडायचा होता, म्हणून यंत्राने ठेवला. तुटण्याआधी तिने श्वास अर्ध्यात रोखलाय. गुडघे वाकवलेत म्हणा."

त्याने टेबलाची कड सोडली. मग म्हणाला, "म्हणजे मला थांबवायला मुद्दाम केलं तिने. मग काय बिघडलं? मी राहावं असं वाटत होतं तिला."

बाईंनी इथं गप्प बसायला हवं होतं. पण हा माणूस आल्यापासून टोचून बोलत होता.

"डिलक्स आवृत्तीत तालमीही असतात, काका. या तालमी रेकॉर्डिंगच्या आधीच्या नाताळातल्या आहेत."

रेकॉर्डिंग मे महिन्यातलं होतं. नाताळात दुबईचं नावही निघालं नव्हतं. तीच ओळ आली, आवाज तिथंच तुटला. पुन्हा ओळ, पुन्हा तसाच. तिसऱ्या वेळेनंतर रूथ हसली आणि कुणाला तरी म्हणाली, "आता जमलं बघ. इथं पब्लिक रडतंय."

बाईंनी तालीम बंद केली.

"काढून टाका तो," शमुवेल म्हणाला.

"तो काढता येत नाही. तो तिने केलाय."

"मग तुम्ही काढलं तरी काय? तिच्याकडून नकळत झालेलं जे असेल ते लावा. तेवढं तरी खरं असेल."

शेवटच्या ओळीतून काढलेला भाग त्यांनी लावला. खरखर होती. खुर्ची सरकली. मग प्लायवूडच्या पलीकडून एका पुरुषाचा दाबलेला हुंदका आला. रूथचं त्यात काहीच नव्हतं.

"एवढा ठेवा," तो म्हणाला. "बाकी गाण्याचं तुम्हाला हवं ते करा. मी संमती देतो. एवढा ठेवा फक्त."

चितळकर बाईंचा आवाज आता खाली आला होता.

"नाही ठेवता येणार, काका. तो तिच्या हेतूत नव्हता."