व्हॅसलिन लावून जाणारा चोर

सोमवारी सकाळी चंदरमामा ऑफिसच्या गॅलरीत उभे राहून दुसरा चहा घेत होते, तेव्हा खाली एक निळी छोटी गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगमागून एक धिप्पाड, पिकल्या मिशांचा माणूस उतरला आणि मागच्या दाराने एक ठेंगणी बाई. माणसाने हातातला रिमोट दाबला. गाडी एकदा वाजली, मग दोनदा वाजली, आणि जोडपं जिन्याकडे वळलं. गिऱ्हाईक आलं म्हणून मामांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

सायली गायधनी ही मामांची सख्खी भाची. नाशकात तिचं गुप्तहेर म्हणून नाव होतं, पण कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची: मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे मोडलं होतं का. मामा महापालिकेतून रिटायर झाल्यापासून तिच्याबरोबर हिंडत आणि सगळं वहीत टिपून घेत. टिपलेल्यातून त्यांना कधी काही उमगलंय असं मात्र झालं नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

"माझ्या गाडीत चोर शिरतो," पाहुणे खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले, "आन् गाडी नीट करून जातो."

मामांचं पेन थांबलं. "नीट करून म्हणजे?"

"मी पुंजा सांगळे. एस्टीत डायव्हर होतो, बत्तीस वर्षं. दर बुधवारी गोदाघाटावर बाजाराला जातो, गाडी पंचवटीत एका मोकळ्या जागेत लावतो. पहिल्या बुधवारी परत आलो तर काच धुवायच्या टाकीत पाणी भरलेलं. घेतल्यापासून कोरडी व्हती ती. दुसऱ्या बुधवारी बॅटरीच्या टोकावरची पांढरी बुरशी गायब, वर व्हॅसलिन चोपडलेलं. तिसऱ्या बुधवारी चारी दारांच्या बिजागऱ्यांना तेल. गाडी लॉक हाय, अलार्म हाय, काचा बंद हायेत. बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत हाय. म्हंजे मानूस आत बसल्याबिगर हे व्हत नाय."

"काही चोरीला गेलं?"

"तेच तर. आज व्हॅसलिन लावतो, उद्या गाडीच नेईल. हात बसवतोय तो. मी ठरवलंय, शनवारी गाडी पुतण्याला देऊन टाकायची. रोहित मागतोच हाय."

इतका वेळ गप्प बसलेल्या लंकाबाई आता पदर सावरत पुढे सरकल्या. "म्याडम, ह्यांनी सतरा वर्षं नाशिक-चांदवड गाडी हाकली. सगळ्या मुलखाला रेणुकामाता दाखवली, मला नाय. रिटायर झालो की आपल्या गाडीनं नेतो म्हणले. गाडी आली, आन् आता हे. शनवारी गाडी गेली की माझं चांदवड गेलं."

त्या हे रडून म्हणाल्या नाहीत, पण मामांना त्यांचा चेहरा बघवेना. त्यांनी वहीत 'चांदवड' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सगळे खाली उतरले. सायलीने सांगितल्यावर मामांनी बॉनेटवर जरा जोरात थाप मारली. गाडीने असा टाहो फोडला की समोरचा टेलर कात्री घेऊन बाहेर आला. पुंजाभाऊंनी रिमोटचं एकुलतं एक बटण दाबलं. पीं-पीं. गाडी गप झाली.

"धक्क्याचा सेन्सर चांगला आहे," सायली म्हणाली. तिने बॉनेट उघडून बॅटरी पाहिली, मग दारांच्या चौकटीतली छोटी रबरी बटणं एकेक दाबून पाहिली. "दारांचे स्विचही चांगले आहेत. गाडी लॉक असताना दार उघडलं असतं तर ती ओरडलीच असती."

"मग?"

"मग काही नाही. रिमोटचा त्रास होतो का कधी?"

"बुधवारी व्हतो. त्या तिन्ही दिवशी बाजारातून आलो तर बटण दोनदा दाबावं लागलं, तवा गाडी उघडली. एरवी एका दाबात उघडते. सेल उतरलाय."

सायलीने रिमोट दाबून त्याचा लाल दिवा पाहिला. "सेल ठणठणीत आहे, काका. फक्त बुधवारी उतरणारा सेल मी तरी पहिल्यांदाच पाहते."

मामांनी हेही टिपलं.

दुपारी दोघं पंचवटीत गेली. मोकळ्या जागेच्या तोंडाशी भागुबाई फुलांची पाटी मांडून बसत आणि जागेवर डोळा ठेवत. चोर म्हटल्यावर त्या खवळल्या.

"मी इथं बसल्यावर चोर कसा येईल? बॉनेट उघडून मान खाली घालणारे दिसत्यात रोज दहा. समोर बॅटरीचं दुकान हाय ना. त्यांच्या तोंडाकडं बघायचं काम माझं नाय, गजरे कोण करील?"

"पुंजाकाका गेल्यावर त्यांची गाडी पुन्हा वाजली का कधी?"

"नाय. ते स्वतः वाजवत्यात तेवढीच. जाताना आन् येताना."

"आणि बुधवारी इथे वेगळं काही?"

भागुबाईंनी सुतळी दातात धरून विचार केला. "वेगळं काय, ते समोरचे जमीलभाई. एरवी दुकानात पंख्याखाली बसत्यात. बुधवारी दुपारी मातूर भर उन्हात खुर्ची टाकून बाहेर. जेवायलाबी उठत नाय. मी म्हणलं, चाचा, डोकं फिरलं का? हसले नुसते."

जमीलभाई सडपातळ, मेंदी लावलेल्या दाढीचे. दुकान जावयाचं, हे नुसते गल्ल्यावर बसत. पण मामांनी बॅटरीबद्दल एक प्रश्न विचारायचा अवकाश, त्यांनी शिकवणीच घेतली.

"बुरशी आली की लोक स्क्रू ड्रायव्हरने खरवडतात. गलत. खाण्याचा सोडा टाकलेलं गरम पाणी, जुना टूथब्रश, कोरडं फडकं. मग वरून व्हॅसलिन. आणि रिमोटचा सेल वर्षातून एकदा बदला, बंद पडायची वाट बघू नका. गाडी बोलत नाही, पण सांगत असते साहेब. ऐकणारा पाहिजे."

"पुंजा सांगळ्यांना ओळखता?" सायलीने विचारलं.

जमीलभाईंचा चेहरा दाराला कुलूप लावावं तसा बंद झाला. "एके काळी. सतरा वर्षं मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर होतो. दोन वर्षं झाली, बोलणं नाही."

"त्यांची गाडी लॉक करताना वाजते, ते इथवर ऐकू येतं?"

"दिवसभर गाड्या वाजतात म्याडम. कोण मोजत बसतो."

बाहेर पडताच मामा कुजबुजले, "हाच. व्हॅसलिन, सोडा, सगळं याच्याकडे."

"व्हॅसलिन तुमच्याही घरात आहे, मामा. प्रश्न व्हॅसलिनचा नाही. अलार्म न वाजता तो आत कसा शिरला, हा आहे."

मंगळवारी दोघं एस्टीने सिन्नरला रोहितकडे निघाली. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंदे गावाजवळ कंडक्टरने दोरी एकदा ओढली, ठण, गाडी थांबली. एक म्हातारी दोन पिशव्या आणि एक कोंबडी घेऊन सवडीने उतरली. उतरून झाली, दार लागलं, समोर रस्ता मोकळा होता, तरी ड्रायव्हर हलेना. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. कंडक्टर सुट्ट्यासाठी कुणाशी तरी वाद घालत होता. वाद मिटवून त्याने दोरी दोनदा ओढली, ठण ठण, आणि तेव्हा कुठे गाडी निघाली.

"दार लागलेलं दिसत होतं की त्याला," मामा करवादले. "दोन मिनिटं उगाच खाल्ली."

सायली खिडकीबाहेर बघत हसायला लागली. सिन्नर येईपर्यंत ती हसतच होती, आणि मामांनी चार वेळा विचारूनही तिने सांगितलं नाही.

रोहित औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. त्याने काहीच लपवलं नाही. "गाडी मला हवीच आहे. जास्तीचा रिमोटपण आहे माझ्याकडे, अलार्म मीच बसवून दिला ना. पण बुधवारी मी इथे ड्युटीवर असतो. आणि मी काकांच्या बिजागऱ्यांना तेल कशाला घालू? मला तर त्यांना घाबरवायला पाहिजे."

"रिमोट वापरायचं काकांना नीट सांगितलं होतंस?"

"दहादा. बटण दाबलं की एकदा वाजतं, लॉक झाली. तेच परत दाबलं की दोनदा वाजतं, उघडली. आणि चुकून उघडली गेली, दार कुणी उघडलं नाही, तर अर्ध्या मिनिटात आपोआप लॉक होते. काका म्हणाले, समजलं."

"समजलं असेलच," सायली म्हणाली. "डोक्याला समजलं असेल."

बुधवारी दुपारी सायलीने सगळ्यांना पंचवटीत बोलावलं. जमीलभाईंना मामांनी जवळजवळ हाताला धरून रस्ता ओलांडायला लावला. ते आणि पुंजाभाऊ दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

"काका, नेहमी बाजाराला जाता तसं गाडी लॉक करून निघा," सायली म्हणाली.

पुंजाभाऊंनी बटण दाबलं. पीं. ते जागचे हलले नाहीत. अंगठा पुन्हा दाबला गेला. पीं-पीं. तेव्हा ते वळले आणि ताडताड चालू लागले.

"थांबा. मामा, दार उघडा."

मामांनी हात घातला. दार सुरळीत उघडलं, अलार्मने हूं की चूं केलं नाही. पुंजाभाऊ डोळे फाडून बघत राहिले.

"काका, तुम्ही गाडी लॉक करता आणि लगेच उघडून निघून जाता. बत्तीस वर्षं एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. गाडी एकदा वाजली की तुमचा पाय उचलत नाही. दोनदा वाजली की तो थांबत नाही. रोहितने सांगितलेलं डोक्यात गेलं, अंगठ्यात नाही गेलं."

लंकाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते.

"एरवी तुमच्या मागे कुणी दार उघडत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटात गाडी स्वतःच लॉक होते. आल्यावर एका दाबात उघडते. सोमवारी मामांनी थाप मारली तेव्हा ओरडली, तीही त्यामुळेच. पण तीन बुधवारी कुणीतरी त्या अर्ध्या मिनिटात दार उघडलं. मग गाडी लॉक झालीच नाही, तुम्ही येईपर्यंत उघडीच राहिली. तुमचा पहिला दाब तिला लॉक करण्यात गेला, दुसऱ्याने उघडली. तुम्ही बोल लावला सेलला."

"रोहितकडे रिमोट आहे ना?" मामांनी विचारलं.

"रिमोटवाला जाताना लॉक करून गेला असता. तेव्हा गाडी वाजली असती, भागुबाईंनी ऐकली असती, आणि काकांना एकच दाब पुरला असता. म्हणजे या माणसाकडे रिमोट नव्हता. त्याच्याकडे फक्त कान होते. पुंजा सांगळे डबल बेलवर निघतो, हे पंचवटीत ज्याला ठाऊक आहे असा एकच माणूस. सतरा वर्षं ती बेल त्यानेच दिली. तो मला म्हणाला, कोण मोजत बसतो. कंडक्टर आणि मोजत नाही?"

जमीलभाई खाली बघत होते.

"आणि उघडी गाडी तो तशीच टाकून गेला नाही. लॉक करता येईना, म्हणून मालक येईपर्यंत उन्हात खुर्ची टाकून, उपाशी राखण करत बसला."

मग जमीलभाई पुटपुटले, "पहिल्यांदा नुसतं दार बघायला गेलो. खरंच उघडी. काच मातीने भरलेली, टाकीत पाणी नाही. आणि सुरू होताना ती जशी कण्हायची ना, मला दुकानात बसवेना. सांगायला तोंड कुठे होतं?"

"तोंड का नव्हतं?" सायलीने विचारलं.

"निरोपसमारंभात ह्यो माइकवर म्हणला," पुंजाभाऊ भिंतीकडे बघत बोलले, "माझ्या बेलशिवाय पुंजाभाऊची गाडी हलत नाय. सगळे हसले. बिनअपघाताचा बिल्ला हाय माझ्याकडं. मी म्हणलं, मला कुणाच्या बेलची गरज नाय."

एवढं म्हणून त्यांनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं. मिशीच्या एका कडेपासून हसू सुरू झालं आणि मग ते त्यांना आवरेना. पोट धरून ते गाडीला टेकले, तशी मघाशी उघडं राहिलेलं दारही हललं.

"खरं बोल्ला व्हता रे जमील," ते डोळे पुसत म्हणाले. "दोन वर्षं वाया घालवली येड्यावानी."

"मी पण माइकवर बोलायला नको होतं भाऊ."

रोहितला शनिवारी येऊ नको म्हणून मामांनीच फोन केला. त्यांना वाटलं, एवढं काम तरी आपलं.

शनिवारी सकाळी निळी गाडी पुंजाभाऊंच्या दारात उभी होती. बायकोने, गुलजारबींनी, प्रवासासाठी दिलेला डबा घेऊन जमीलभाई आले होते. लंकाबाईंनी सवयीने मागचं दार उघडलं, तर ते आडवे आले.

"वहिनी, पुढे बसा. मागची सीट कंडक्टरची."

लंकाबाई पुढे बसल्या. त्यांनी पदर नीट केला, समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "इथून लय लांबवर दिसतं की."

पुंजाभाऊंनी गाडी सुरू केली. पहिल्या झटक्यात लागली. दारं बंद होती, रस्ता मोकळा होता, निरोप द्यायला आलेले मामा आणि सायली बाजूला सरकले होते. गाडी हलेना. पुंजाभाऊ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते. मागे जमीलभाई डबा मांडीवर घेऊन छताकडे बघत गप्प होते; आज बेल द्यायचा मान आपला नाही, हे त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मामांना कधी नव्हे ते सायलीच्या आधी उमगलं. ते खिडकीशी वाकले. "वहिनी, तुम्ही."

लंकाबाई लाजल्या. मग त्यांनी हात वर केला आणि बांगड्या काचेवर वाजवल्या.

किण, किण.

आणि गाडी चांदवडला निघाली.