मुद्दाम विसरलेली किल्ली

किल्ली आत, मी बाहेर आणि हातात कचऱ्याची रिकामी बादली. आमची पहिली भेट झाली ती अशी.

कोपऱ्यावरचा किल्लीवाला धापा टाकत जिना चढून आला. त्यानं दाराकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरात कुणी नाही?"

"मी एकटीच राहते. आणि मी तर इथे आहे."

तो हसला. मी काही विनोद केला नव्हता, पण ते हसू मला फार आवडलं. मावशी गेल्यापासून त्या जिन्यात कुणी हसलंच नव्हतं. ती होती तोवर दार उघडायला ती असायची. आता फक्त लॅच होतं... दार ओढलं की खट्कन लागणारं.

मग तो पुन्हा आला. पुन्हा पुन्हा आला.

"आज काय निमित्त?"

"पाऊस पडतोय का ते बघायला बाहेर आले."

"खिडकी नाही का घरात?"

"आहे की!"

एकदा लॅच उघडता उघडता तो म्हणाला, "खरं सांगू? इतक्या वेळा कुणी किल्ली विसरत नाही. तू मुद्दाम विसरतेस." आणि त्याचे कान लाल झाले.

मुद्दाम! शाळेत हाच शब्द ऐकत मी मोठी झाले. पाढे विसरले – मुद्दाम. डबा हरवला – मुद्दाम. वर्गाबाहेर उभं राहून राहून पाय दुखायचे. आणि आज तोच शब्द कुणीतरी इतक्या लाडानं म्हणत होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी नुसती हसले.

पुढच्या खेपेला चहा पिता पिता तो म्हणाला, "हे लॅच काढून टाकतो. बाहेरून किल्ली फिरवल्याशिवाय लागणारच नाही असं कुलूप बसवतो. मग विसरायचं म्हटलंस तरी जमणार नाही."

"नको!"

मी इतक्या घाईनं ओरडले की त्याचा चेहरा खुलला. त्या खुललेल्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं. त्याला आवडत होती ती कुणी दुसरीच होती, चलाख, नखरेल. मी नव्हते ती.

"मी मुद्दाम विसरत नाही," मी म्हणाले. "कधीच विसरले नाही मुद्दाम. माझ्या खरंच लक्षात राहत नाही."

"म्हणजे?"

"आईच्या पोटात होते तेव्हा ती प्यायची. माझा मेंदू घडत होता तेव्हाच ती दारू माझ्यापर्यंत पोचली. डॉक्टर फीटल अल्कोहोल सिंड्रोम म्हणतात. ते बरं होत नाही. दोन कामं एकदम सांगितली की पहिलं डोक्यातून उडतं. घड्याळ दिसतं, पण वेळ कळत नाही." मी नाकाखाली बोट ठेवलं. "आणि हे बघ. इथे सगळ्यांना खळगा असतो. मला नाही."

तो वाकून बघत राहिला. जरा जास्तच वेळ...

"पण माझं छान चाललंय," मी घाईनं म्हणाले. "लाँड्रीत माझ्यासारख्या चादरींच्या घड्या कुणाला जमत नाहीत. मालकीणबाई एका वेळी एकच काम सांगतात, ते झालं की दुसरं. तेवढं केलं की मी कुणापेक्षा कमी नाही."

"आईचा राग येतो?"

"येतो. पण गरोदरपणी एक घोटही नको, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट लोकच थोडी घे, झोप लागेल, म्हणाले. आता ती नाहीच... मग आठवण येते."

तो कप हातात फिरवत बसला.

"म्हणजे मला बोलवायचं म्हणून कधीच नाही विसरलीस?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं कुलूप बदललं. किल्ली लाल दोरीत ओवून माझ्या गळ्यात घातली. "आता माझी गरज पडायची नाही," म्हणाला आणि गेला. तो दुखावला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कुलूप अगदी चांगलं होतं. मी बादली घेऊन जायची, परत यायची, दार तसंच उघडं. जिन्यावर कुणाचीच पावलं वाजायची नाहीत. संध्याकाळी मी दोन कप काढायची आणि एक परत ठेवून द्यायची. इतकं एकटं मला मावशी गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी बाहेर आले, किल्ली फिरवली आणि त्याला फोन लावला.

"दार बंद आहे. ये."

तो धावतच आला. दाराकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे.

"अगं, किल्ली तर गळ्यातच आहे तुझ्या."

"हो."

"मग?"

"तुला बोलवायचं, हे सकाळी उठल्यापासून लक्षात ठेवलं. दात घासताना, केर काढताना, अंघोळ करताना... मनातल्या मनात घोकत होते. एवढा वेळ माझ्या डोक्यात काहीच टिकत नाही रे. तू टिकलास."

त्यानं हत्यारांची पिशवी हळूच पायरीवर ठेवली. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"मुद्दाम बोलावलंस?"

"मुद्दाम," मी म्हणाले, आणि गळ्यातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.